विहिरीतल्या बायका

"मावशी, तुझी कोण?"

भाच्यानं हे विचारलं तेव्हा पडद्यावर दोन भुतं समोरासमोर आली होती. एक टीव्हीतून बाहेर पडलेली, दुसरी जिन्यावरून हातांवर सरपटत खाली आलेली. दोघींचे केस मोकळे, दोघींच्या अंगावर पांढरं. जुलैमधला शनिवार, पाऊस संध्याकाळपासून लागून राहिलेला. घरातले बाकीचे केव्हाच झोपले होते आणि पॅसेजमध्ये उघड्या ठेवलेल्या छत्र्यांचा ओला वास हॉलपर्यंत येत होता. भाचा अकरावीतला, सोबत त्याच्याच वर्गातला मित्र. दोघांनी जपानी भयपटांतल्या या दोन गाजलेल्या भुतांची आधीच वाटणी करून घेतली होती : टीव्हीतली सादाको याची, जिन्यावरची कायाको त्याची. उरलेली मी कुणाच्या बाजूला, एवढाच त्याचा प्रश्न. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चित्रपटाचं नावच 'सादाको विरुद्ध कायाको', तेव्हा बाजू निवडायला तर पोस्टरनंच सांगितलं होतं. मी "बघू या" म्हटलं आणि पांघरूण पायांवर ओढून घेतलं. पण त्यापुढचं मला धड काही दिसलंच नाही. भीती वाटत नव्हती. एखाद्या ओळखीच्या बाईला चारचौघांत नाचायला उभं केलंय आणि आपण चिवडा खात बघतोय, असं काहीतरी वाटत होतं.

मुलं खूश होऊन झोपायला गेली. मी दुसऱ्या दिवशी मेथी निवडतानाही त्याच प्रश्नात होते.

चित्रपट २०१६चा. इतकी वर्षं मी तो पाहिला नव्हता, कारण नावानंच मन मागे ओढलं जायचं. पण जपानी भयपटांवर माझा जीव आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक. भाच्यानं कौतुकानं तो शोधून आणला आणि लावताना माझीही उत्सुकता चाळवली होती. सुरुवात चांगलीच आहे, हे आधी सांगायला हवं. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी. एकीला आईवडिलांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर उतरवून त्यांना द्यायची असते. त्यासाठी त्या जुन्या सामानाच्या दुकानातून व्हीसीआर आणतात आणि त्यात आधीपासून एक कॅसेट बसलेली निघते. इथे मी सरसावून बसले. आपल्याकडेही लग्नाच्या कॅसेटी माळ्यावर पडून आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या, फितीवर पांढरी बुरशी चढलेल्या. त्यातली निम्मी माणसं आता नाहीत आणि त्या चालवायला घरात यंत्रही उरलेलं नाही. जुन्या फितीत काहीतरी अडकून राहिलंय आणि ते वाट बघतंय, ही भीती दाखवायला भूत आणायचीसुद्धा गरज नव्हती. कॅसेट आत ओढून घेताना व्हीसीआरचा तो घरघर आणि खट्ट असा आवाज होतो, तेवढ्यानं माझ्या मानेवर काटा आला होता.

मग चित्रपटाला घाई झाली. मूळ गोष्टीत सादाकोची कॅसेट बघणारा सात दिवसांनी मरतो, इथे तो शाप दोनच दिवसांवर आणला. एक मांत्रिक आला, त्याच्याबरोबर एक आंधळी मुलगी आली आणि काट्यानं काटा काढायचं ठरलं. सादाकोच्या शापात सापडलेल्या मुलीनं कायाकोच्या घरात, म्हणजे आत पाऊल टाकेल त्याला न सोडणाऱ्या घरात, शिरायचं, त्या घराच्या फेऱ्यात आलेल्या मुलीनं सादाकोची कॅसेट बघायची, मग एकाच शिकारीसाठी दोन भुतं भांडतील आणि एकमेकींना संपवतील. ही कल्पना जन्माला आली तीच २०१५च्या एप्रिल फूलची गंमत म्हणून. लोकांना ती इतकी आवडली की पुढच्याच वर्षी खरोखर चित्रपट आला. शेवटी दोघींना विहिरीपाशी आणून एकमेकींवर आदळवतात, दोघींचं मिळून एकच काहीतरी तयार होतं आणि ते किंचाळत बाहेर येतं. पडदा काळा होतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी सादाकोला पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात शिकत असताना. आम्ही चौघी मैत्रिणी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात माडीवरच्या खोलीत राहायचो. तिचा चित्रपट 'रिंगू' जपानमध्ये १९९८ साली आला होता. आमच्यापर्यंत तो काही वर्षांनी पोचला, तोही कुणाच्या तरी ओळखीतून मिळालेल्या व्हीसीडीवर. चकत्या दोन होत्या, म्हणजे ऐन मध्यावर कुणीतरी अंधारात उठून चकती बदलायची. खालच्या ओळीतली इंग्रजी अक्षरं पांढरी, त्यामुळे मागे भिंत पांढरी आली की संवाद गुल. टीव्ही काचेचा, मागे भलंमोठं खोकं असलेला. असा टीव्ही बंद केला तरी काच बराच वेळ तडतडत राहते. हात जवळ नेला की हातावरची लव त्या काचेकडे ओढली जाऊन उभी राहते आणि बोट टेकवलं तर बारीकशी ठिणगी लागते. केबल गेली की त्याच काचेवर मुंग्या यायच्या आणि त्यांची ती खरखर कुणीतरी उठून बटण दाबेपर्यंत खोली भरून राहायची. चित्रपटात त्या शापित फितीच्या शेवटी तशाच मुंग्या येतात. पडद्यातला टीव्ही आणि आमचा टीव्ही यांत काही फरक उरला नव्हता. चित्रपट संपला तेव्हा टीव्ही बंद करायला कुणी जागचं हललं नाही. बंद केला तर तडतडणार, चालू ठेवला तर मुंग्या.

ती टीव्हीतून बाहेर येते तो प्रसंग आता जगाला माहीत आहे. रिए इनो या अभिनेत्रीला उलटं चालवून त्याचं चित्रण केलं आणि फिल्म मागच्या बाजूनं फिरवली, म्हणून त्या चालण्यात प्रत्येक सांधा चुकीच्या वेळी हलतो. हे कळल्यावरही त्या चालीची धार कमी होत नाही. दिग्दर्शक हिदेओ नाकाता यांनी तोवरच्या सबंध चित्रपटात फार थोडं दाखवलेलं असतं. वार आणि तारीख पडद्यावर उमटते, एक दिवस कमी होतो, बस्स. सोमवारचा मंगळवार होतो, आई मुलाला डबा देते, फोन वाजतो, आणि आपण मनात दिवस मोजत बसतो. भीतीला वेळ लागतो. दोन दिवसांत ती कुठून येणार?

पण माझ्या मनात घर करून राहिलं ते टीव्हीपेक्षा विहिरीतलं. पत्रकार रेइको आणि तिचा पूर्वीचा नवरा र्‍यूजी त्या विहिरीपर्यंत पोचतात. वर लाकडी जमीन घालून इझूमधल्या एका पर्यटन निवासाखाली ती दडलेली असते. शापाचे शेवटचे तास उरलेले, आणि ही दोघं आळीपाळीनं खाली उतरून बादल्या भरभरून पाणी उपसतात. भयपटात इतका वेळ कुणी पाणी उपसताना दाखवत नाही. दोरानं तळहात सोलतात, बादली जड होत जाते, रेइकोच्या हातात त्राण राहत नाही. विहिरीच्या भिंतीच्या दगडांत तुटलेली नखं रुतलेली दिसतात. म्हणजे आत ढकलली तेव्हा ती जिवंत होती आणि वर चढायचा प्रयत्न करत होती. मग गुडघाभर पाण्यात चाचपडताना रेइकोच्या हाताला केस लागतात, केसांमागून कवटी येते, आणि ती बाई, जिचा स्वतःचा जीव काही मिनिटांत जाणार आहे, ते हाडांचं डोकं छातीशी धरून बसते. लहान पोराला धरावं तसं. त्या क्षणी आमच्यातली एक मैत्रीण रडली होती. भुताच्या सिनेमात रडलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणि तरीही शाप संपत नाही. दुसऱ्या दिवशी र्‍यूजी मरतो. आपल्याकडच्या गोष्टींत असं कधी होत नाही. हाडं सापडली, अग्नी दिला, पिंडाला कावळा शिवला, नारळ फुटला की बाई सुटते आणि ऐकणारेही सुटतात. इथे मायेनं जवळ घेतलं तरी ती सुटली नाही. रेइको वाचली कारण तिनं फितीची प्रत करून दुसऱ्याला दाखवली होती. आता मुलाला वाचवायचं तर त्यानंही कुणाला तरी दाखवायला हवी, म्हणून ती स्वतःच्या वडिलांना फोन करते आणि गाडी घेऊन निघते. मुलासाठी बाप द्यायचा. 'सादाको विरुद्ध कायाको'मध्ये असल्या निवडीला जागाच नाही. तिथे कोण कुणाला उचलून आपटतं एवढंच.

सादाकोची आई शिझुको. ओशिमा बेटावरची, दूरचं दिसण्याची शक्ती असलेली. एक डॉक्टर तिला शहरात आणून पत्रकारांपुढे तिचा प्रयोग लावतात. ती बरोबर ओळखत जाते आणि खुर्च्यांमधून एकजण उठून ओरडतो, लबाडी आहे, मग सगळे उठतात, बोटं रोखतात. नंतर ती मिहारा ज्वालामुखीत उडी घेते, आणि तोच डॉक्टर सादाकोला विहिरीत ढकलतो. हे सगळं लेखकाच्या डोक्यातून आलं असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नाही. कुमामोतो भागातली चिझुको मिफुने नावाची खरीखुरी बाई होती, १८८६ साली जन्मलेली. टोकियोच्या शाही विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई यांनी तिच्यावर प्रयोग केले आणि १९१०मध्ये तिला टोकियोत नामवंत शास्त्रज्ञांपुढे बसवलं. बंद नळीतल्या कागदावर काय लिहिलंय ते न उघडता सांगायचं. नळ्यांची अदलाबदल झाली म्हणून गवगवा झाला आणि वर्तमानपत्रांनी तिला झोडपलं. जानेवारी १९११मध्ये तिनं विष घेतलं. वय २४. फुकुराईंनी पुढे ज्या आणखी एका बाईवर प्रयोग केले तिचं नाव सादाको ताकाहाशी.

चिझुकोला खरंच काही दिसत होतं का, याच्याशी मला कर्तव्य नाही. मला ती खोली दिसते. पुरुषांनी भरलेली, मध्ये एक चोवीस वर्षांची मुलगी, मांडीवर नळी. तिच्याकडून उत्तर हवं असलेले लोक आणि ती खोटी ठरावी असं वाटणारे लोक, दोघेही एकाच बाकावर. 'रिंगू'त त्या प्रयोगाचा प्रसंग भुरकट, कृष्णधवल येतो. मागे पडद्याआड लहानगी सादाको उभी असते, आणि आईवर बोट रोखणारा पहिला माणूस जागच्या जागी मरून पडतो. त्या सभागृहात शिझुकोच्या बाजूचं ते एकच माणूस होतं. मुलगी.

कायाकोचं दुःख तर अजून साधं, रोजच्या बातम्यांत येतं तसलं. मनातल्या मनात तिला एक मास्तर आवडत होते, ते तिनं वहीत लिहिलं, नवऱ्यानं वही वाचली. त्यानं तिची मान मोडली आणि पोरालाही सोडलं नाही. ताकाशी शिमिझू यांच्या 'जु-ऑन' मालिकेत तिच्या घशातून तो खरखरता, तुटक आवाज निघतो त्याची मुलं नक्कल करतात. मीही केली आहे. पण तो मान मोडलेल्या बाईचा आवाज आहे. तिला बोलायचंय आणि घशातून शब्द बाहेर पडत नाही. ताकाको फुजी या अभिनेत्रीनं कायाको उभी केली, तिच्या डोळ्यांत राग जितका आहे तितकाच गोंधळही आहे, आपल्याला हे का झालं असा. नव्या चित्रपटात तो आवाज नुसती वर्दी होऊन राहिला. आवाज झाला की मुलं म्हणायची, आली, आली.

मला राग कशाचा आला ते मी नीट शोधत होते. भुतांची करमणूक केली म्हणून? ती तर जपानात शेकडो वर्षं चालत आली आहे. उन्हाळ्यात ओबोनच्या सुमारास, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत, तिथे भुतांच्या गोष्टींचा हंगाम असतो. अंगावर शहारा आला की उकाडा कमी वाटतो असं म्हणतात. एदोच्या काळात, म्हणजे दोन-तीनशे वर्षांपूर्वी, लोक रात्री जमून शंभर गोष्टींचा डाव मांडत, एकेका गोष्टीला एकेक ज्योत विझवत. ओकिकूची गोष्ट त्याच काळातली : मालकाच्या दहा मौल्यवान बश्यांतली एक नाहीशी झाल्याचा आळ आलेली मोलकरीण, जी विहिरीत गेली आणि रात्री विहिरीतून एकपासून नऊपर्यंत मोजते, मग हंबरडा फोडते. हिमेजीच्या किल्ल्यात तिच्या नावाची विहीर आजही दाखवतात, वरून जाळी लावलेली. सादाकोची विहीर तिथूनच आलेली आहे, हे सांगायला कुणी पंडित नको.

आणि ओइवा. त्सुरुया नान्बोकू यांचं काबुकी नाटक १८२५ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, रंगभूमीवर आलं. ओइवा बाळंतीण आहे, शेजारच्या श्रीमंत घरातून औषध म्हणून विष येतं, कारण त्यांना तिचा नवरा आपल्या मुलीसाठी हवा आहे. चेहरा विद्रूप होतो. कळल्यावर ती आरडाओरडा करत सुटत नाही. त्यांच्या घरी जाब विचारायला जायचं तर बाईमाणसानं नीट होऊन जावं, म्हणून आरशासमोर बसते. दात काळे करते. (आपल्याकडेही दातवण लावून दात काळे करायची रीत होती, माझ्या पणजीचे तसेच होते.) मग केस विंचरायला घेते आणि फणीबरोबर केसांचे पुंजके हातात येत जातात, थांबतच नाहीत. रंगभूमीवर हा प्रसंग संथ चालतो, खाली केसांचा ढीग वाढत जातो. बघणारे पैसे देऊनच आलेले असतात. पुढे ती जळत्या कंदिलातून बाहेर पडते, ती युक्ती बघायलाही लोक गर्दी करतात. म्हणजे ती करमणूकच, धंदाच. फरक एवढाच आहे की हे नाटक करायचं ठरलं की नट आधी टोकियोतल्या योत्सुयाला जाऊन ओइवाच्या देवळात हात जोडून येतात. आजही. तुझं दुःख आम्ही मांडणार आहोत, सांभाळून घे.

सादाकोला मात्र २०१२मध्ये त्रिमितीत आणलं तेव्हा बेसबॉलच्या सामन्याआधी मैदानावर पहिला चेंडू टाकायला उभं केलं होतं. पांढऱ्या कपड्यात, केस तोंडावर. कायाकोबरोबरच्या चित्रपटाच्या जाहिरातीतही तेच. लोक हसले, टाळ्या पडल्या, कुणाचं नुकसान झालं नाही. मी ती चित्रफीत पाहिली आहे आणि एकदा हसलेही आहे. पण हळूहळू असं झालं की केस राहिले, झगा राहिला, चाल राहिली, आणि विहिरीत नखं मोडलेली मुलगी त्यातून निघून गेली. मग तिला कुणाशीही भांडायला लावता येतं. दुःख असलेल्या माणसाची बाजू घेता येते. पोशाखाची बाजू घ्यायची म्हणजे नुसता कौल द्यायचा.

माझ्या आजोळी, साताऱ्याकडे, मळ्यात एक मोठी विहीर होती. मोट बंद होऊन इंजिन बसलं होतं, पण धाव आणि थारोळं शाबूत होतं. आतल्या कपारींत पारवे राहायचे आणि कुणी डोकावलं की फडफडत वर यायचे. उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड, त्या साती आसरा. दुपारी बारा वाजता विहिरीकडे फिरकायचं नाही, आसरा पाण्यात ओढतात, ही आम्हा पोरांना सक्त ताकीद. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढत. इंजिन दिवसभर भकभकत पाणी उपसायचं, मग चार गडी दोराला धरून खाली उतरायचे आणि पाट्या भरून काळा चिखल वर यायचा. त्याचा वास मला अजून ओळखू येईल. कुजलेली उंबरं, गंज आणि थंडावा. वर आलेल्या ढिगात आम्ही पोरं हात घालायचो, कारण वर्षभरात पडलेलं सगळं त्यात निघायचं. पितळी तांब्या, बादलीची कडी, गळाला न लागलेली कळशी, रहाटाची लाकडी चाकली. एका वर्षी माझ्या हाताला चांदीचं जोडवं लागलं. काळं पडलेलं, एका बाजूला झिजून पातळ झालेलं, आत चिखल घट्ट बसलेला. मी ते परकराला पुसून बोटात घालून बघत होते, तेवढ्यात आजीनं झडप घालून काढून घेतलं. ओरडली नाही. हिरव्या खणाच्या तुकड्यात गुंडाळून तिनं ते सात दगडांपाशी ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि आम्हा सगळ्यांना घरी पिटाळलं.

कुणाचं जोडवं, हे कुणी बोललं नाही. आम्ही आपसांत तिला विहिरीतली म्हणायचो. ती तिन्हीसांजेला धावेवर बसते, तिचे केस खाली पाण्यापर्यंत पोचतात, पाय उलटे आहेत, ती नव्या नवरीला धरते, असं एकमेकांना सांगून भ्यायचो. ती भीती फार गोड होती. रात्री अंगणात एका वाकळेत चौघं घुसून आम्ही ती पुरवून पुरवून खाल्ली आहे. मोठी झाल्यावर आईकडून कळलं की ती बांधापलीकडच्या घरातली सून होती आणि पोलीस पाटलाच्या कागदात तिचा पाय घसरला होता. दर भाद्रपदात अविधवा नवमीला आजी घरच्यांचं पान वाढून झालं की आणखी एक पान घेऊन मळ्याकडे जायची, ते तिचं होतं. तिच्या सासरी तिचं पान वाढत नसत.

'रिंगू' पाहताना पाणी उपसण्याचा तो प्रसंग मला इतका का लागला, याचं उत्तर मला त्या वाड्यातल्या खोलीत सापडलं नव्हतं. मैत्रीण रडत होती आणि मी गप्प होते. आता वाटतं, दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या लोकांनी ती पाटी वर काढली होती, आणि जे सापडलं ते खणात गुंडाळून बाजूला न ठेवता हातात धरून बघितलं होतं. म्हणून या चित्रपटानं मी नुसती कंटाळले असते तर बरं झालं असतं. चित्रपट वाईट असू शकतो, वाईट चित्रपट मी पुष्कळ पाहिले आहेत आणि विसरलेही आहे. इथे माझं काहीतरी घेतलं गेल्याची भावना आहे, आणि ते ज्यांनी मला दिलं होतं त्यांच्याच घरून ते घेतलं गेलं, म्हणून तक्रार तरी कुणाकडे करायची.

पुढच्या रविवारी भाचा जेवायला आला तेव्हा मी त्याला चिझुकोची गोष्ट सांगितली. ती खोली, ती नळी, वर्तमानपत्रं, ते विष. मग 'रिंगू'तली शिझुको आणि डॉक्टर. पोरगं हुशार आहे, मन लावून ऐकत होतं, भाताचा हात वाळला तरी उठलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, "पण मावशी, विहिरीत ढकललं त्या डॉक्टरनं. मग तिनं त्याला का नाही धरलं? कॅसेट बघणाऱ्यांनी तिचं काय केलं होतं?"

याला मी जपानचं काही सांगू शकले नाही. आमच्या विहिरीतलीचं सांगितलं. तिनं पाणी शेंदायला आलेली एक परकी पोर धरली असं म्हणत, मोटेवरचा गडी धरला असं म्हणत, वाटेनं जाणारा एक कासार तर तापानं फणफणून आठ दिवसांत गेला, तोही तिच्याच नावावर घातला. तिच्या सासरच्या घरात मात्र कधी कुणाचं डोकं दुखलं नाही. नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी केली, नव्वदीपर्यंत जगला, आणि विहिरीचा गाळ काढायची वर्गणी दर मे महिन्यात पहिली त्याचीच असे.